बदललेला सांधा बिघडतो तेव्हा : सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि तुमची फाईल



आजचा लेख गुडघा किंवा खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आहे, पण ‘शस्त्रक्रिया कधी करावी’ याबद्दल नाही. त्यावर भरपूर माहिती मिळते. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर काहीतरी गंभीर बिघडले, तर काय, याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. रुग्ण बोलत नाही, कारण त्याला वाटते आपलेच काहीतरी चुकले. नातेवाईक बोलत नाहीत, कारण एवढे पैसे खर्च केलेले असतात. आणि आम्ही डॉक्टरही पुष्कळदा कमीच बोलतो.

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका गावातून एक आजी माझ्याकडे यायच्या. बीपी आणि साखरेची औषधे माझीच. त्यांनी बाहेरगावी मोठ्या दवाखान्यात उजवा गुडघा बदलून घेतला. दीड महिन्याने त्या आल्या तेव्हा जखमेच्या खालच्या टोकाला एक ठिपक्याएवढी जागा ओली होती. ताप नव्हता, दुखणे थोडेसेच होते. ऑपरेशन केलेले सर्जन लांब आणि मुलाला सुट्टी नव्हती. मी पाच दिवसांची अँटिबायोटिक गोळी लिहून दिली. जखम सुकली. आजी खूश, मीही खूश.

तीन आठवड्यांनी ती जागा पुन्हा ओली झाली. आता गुडघा गरम लागत होता. मग सर्जनकडे गेल्यावर कळले की जंतू आतल्या कृत्रिम सांध्यापर्यंत पोचले आहेत. माझ्या गोळ्यांमुळे जंतू अर्धवट दबले होते, त्यामुळे सांध्यातले पाणी तपासूनही कोणता जंतू आहे ते पहिल्यांदा कळेना. पुढे सांधा काढणे, काही आठवडे अँटिबायोटिकयुक्त सिमेंटचा तात्पुरता सांधा, मग नवा सांधा. सात-आठ महिने गेले.

या काळात एकदा आजींनी मला विचारले, “डॉक्टर, शंभरातल्या नव्व्याण्णवांचं चांगलं झालं म्हंतासा, मग माझाच गुडघा कसा बिघडला? माझं काय चुकलं का?”

मी तेव्हा “नाही आजी, तुमचं काही चुकलं नाही” एवढेच म्हणालो. खरे उत्तर मोठे आहे. त्यासाठी या शस्त्रक्रियेचा इतिहास थोडा बघावा लागतो.

हस्तिदंताचा गुडघा

१८९० साली बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक नावाच्या सर्जनने माणसाच्या शरीरात हस्तिदंताचा गुडघा बसवला. होय, हस्तिदंताचा! दोन तुकडे बिजागरीसारखे जोडलेले होते. रुग्णाचा सांधा क्षयाने पोखरलेला होता. त्या काळी क्षयाने सांधे खराब होणे ही नेहमीची गोष्ट होती.

सुरुवातीला निकाल फार चांगले दिसले. दुखणे थांबले, सांधा वाकू लागला. पण क्षयाचे जंतू आतच होते. काही महिन्यांत जखमा वाहू लागल्या आणि सांधे काढावे लागले. ग्लुकने पुढे स्वतःच सांगितले की जंतुसंसर्ग झालेल्या सांध्यात अशी शस्त्रक्रिया करू नये. त्याच्या वरिष्ठांना त्याचे हे उद्योग मुळातच पसंत नव्हते. त्यानंतर हा विषय बराच काळ मागे पडला.

यातून आपल्यासाठी शिकण्यासारखे एक आहे. शरीरात बसवलेल्या परक्या वस्तूवर जंतू बसले, तर ते सहजासहजी निघत नाहीत. धातूवर किंवा प्लॅस्टिकवर जंतू एक चिकट थर तयार करतात, पाण्याच्या टाकीत शेवाळाचा बुळबुळीत थर धरतो तसा. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही. म्हणून बदललेल्या सांध्याचा संसर्ग साध्या गोळ्यांनी बरा झाल्यासारखा वाटतो, पण बरा होत नाही. मी आजींच्या बाबतीत नेमके हेच विसरलो होतो.

चार्नली आणि टेफ्लॉनची वाटी

आजची खुबा बदलण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्यामुळे उभी राहिली ते इंग्लंडमधले सर्जन जॉन चार्नली. १९५८ च्या सुमारास त्यांनी धातूचा छोटा गोळा आणि टेफ्लॉनची वाटी असा खुबा बसवायला सुरुवात केली. टेफ्लॉन म्हणजे आपल्या नॉनस्टिक तव्यावर असते तेच. घर्षण कमी, म्हणून निवडले. रुग्ण आनंदाने चालू लागले. सुमारे तीनशे रुग्णांना असे सांधे बसवले गेले.

दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले. त्याचा भुगा आजूबाजूच्या मांसात साठला, गाठी झाल्या, हाड खाल्ले गेले, सांधे ढिले झाले. विचार करा, तीनशे माणसे!

चार्नलींनी काय केले? त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. त्या रुग्णांच्या शस्त्रक्रिया पुन्हा केल्या. टेफ्लॉनचा भुगा खरोखर त्रासदायक आहे का हे बघायला तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, आणि तिथेही गाठ आली. १९६२ मध्ये त्यांच्याकडे एक वेगळे प्लॅस्टिक आले, यंत्रांच्या चाकांसाठी वापरले जाणारे पॉलिएथिलीन. ते प्रयोगशाळेत घासून पाहिल्यावर टेफ्लॉनपेक्षा फारच कमी झिजले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा पहिला सांधा बसला. आज बहुतेक कृत्रिम सांध्यांत याच प्लॅस्टिकची सुधारलेली जात असते.

दुसरी अडचण जंतूंची. चार्नलींच्या सुरुवातीच्या रुग्णांत शंभरात सात ते नऊ जणांना सांध्यात संसर्ग व्हायचा. त्यांनी ऑपरेशनच्या टेबलाभोवती गाळलेल्या स्वच्छ हवेची खोली केली, सर्जनच्या अंगावरचे कपडे बदलले. हळूहळू हे प्रमाण शंभरात एकाच्याही खाली आले. १९७० च्या सुमारास जर्मनीत हॅम्बुर्गच्या बुखहोल्झ यांनी हाडाच्या सिमेंटमध्येच अँटिबायोटिक मिसळण्याची पद्धत आणली. आजींच्या गुडघ्यात काही आठवडे जो तात्पुरता सांधा होता, त्याची मुळे तिथे आहेत.

तिसरी अडचण रक्ताच्या गुठळीची. पायाच्या शिरेत गुठळी होते, सुटते आणि फुप्फुसात अडकते. उत्तम झालेल्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण अचानक दगावायचे. भारतात जन्मलेले आणि लंडनमध्ये काम करणारे डॉ. विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या मोठ्या अभ्यासाने १९७५ मध्ये दाखवून दिले की शस्त्रक्रियेच्या वेळी हेपॅरिनची छोटी मात्रा दिली तर असे मृत्यू बरेच टळतात. आज तुम्हाला ऑपरेशननंतर पोटावर इंजेक्शन किंवा रक्त पातळ ठेवण्याची गोळी देतात आणि दुसऱ्याच दिवशी उभे करतात, ते त्यासाठीच.

तर आजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे : आजचे ‘शंभरात नव्व्याण्णव’ आकाशातून पडलेले नाहीत. ज्यांचे बिघडले त्यांच्या नोंदी कोणीतरी प्रामाणिकपणे ठेवल्या, म्हणून पुढच्यांचे चांगले झाले.

आपल्याकडची गोष्ट

भारतात खुबा बदलण्याचे काम रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया यांचे नाव आदराने घेतले जाते. पण घराघरांत ही शस्त्रक्रिया माहीत झाली ती ऑक्टोबर २००० मध्ये. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला गेला. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी तो बदलला. जून २००१ मध्ये उजवाही झाला. मला आठवते, त्यानंतर ओपीडीत येणारा प्रत्येक गुडघेदुखीचा रुग्ण विचारायचा, “वाजपेयींसारखं माझंबी होईल का?”

त्याच दशकात दुसरी एक गोष्ट घडत होती, ती कोणी विचारत नव्हते.

जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डीप्यू कंपनीचा ‘ए.एस.आर.’ नावाचा खुब्याचा सांधा बाजारात आला होता. यात गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची. प्लॅस्टिक झिजते, धातू टिकेल, असा विचार. तरुण, हिंडत्याफिरत्या रुग्णांसाठी हा उत्तम, असे सांगितले जाई. भारतातही तो आला आणि सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत वापरला गेला.

पण धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे बारीक कण सुटत होते. ते रक्तात मिसळत होते. सांध्याभोवतीचे मांस मरत होते, गाठी होत होत्या. म्हणजे टेफ्लॉनचीच गोष्ट, वेगळ्या पदार्थाने.

हे लक्षात कसे आले? ज्या देशांत प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंदवही आहे, तिथे लक्षात आले. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची अशी नोंदवही सुरू केली होती. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत दिसू लागले की हा सांधा इतरांपेक्षा जास्त वेळा काढावा लागतो आहे. तिथून तो २००९ च्या अखेरीस मागे घेतला गेला. इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदवहीत पाच वर्षांत शंभरातले बारा-तेरा सांधे पुन्हा बदलावे लागल्याचे आढळले. २४ ऑगस्ट २०१० रोजी कंपनीने जगभरातून तो परत बोलावला.

आपल्याकडे काय झाले? इथे महाराष्ट्राचे नाव घ्यायला हवे. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असतानाच्या काळात, या प्रकरणाची चौकशी केली आणि मुंबईत पोलिसांकडे तक्रार नोंदवली. बाधित रुग्णही एकत्र आले आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करत राहिले. केंद्रीय औषध नियंत्रकांची देशभरासाठीची सूचना मात्र डिसेंबर २०१३ मध्ये निघाली, म्हणजे सांधा परत बोलावल्यानंतर तीन वर्षांनी. २०१७ मध्ये केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीने प्रत्येक बाधिताला किमान २० लाख रुपये द्यावेत असे सुचवले. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारने वय आणि अपंगत्वानुसार ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपयांचे सूत्र ठरवले. कंपनी न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये तिने पुन्हा शस्त्रक्रिया झालेल्या ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दिल्ली उच्च न्यायालयात दाखवली.

आता सर्वांत महत्त्वाचा आकडा. त्या ४,७०० पैकी ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. आपल्या खुब्यात कोणता सांधा आहे हे त्यांतल्या कित्येकांना ठाऊकही नसेल. कोणीतरी कुठल्यातरी गावात “वय झालं, दुखणारच” म्हणून लंगडत असेल, आणि त्याच्या डॉक्टरने त्याला दर महिन्याला वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या असतील. तो डॉक्टर मीही असू शकलो असतो.

मग तुम्ही काय करायचे?

आधी घाबरू नका. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासानुसार बदललेल्या पूर्ण गुडघ्यांपैकी शंभरातले सुमारे ८२ पंचवीस वर्षे टिकतात. खुब्यांत हे प्रमाण सुमारे ५८ आहे. ही उत्तम शस्त्रक्रिया आहे. पण तुम्ही उरलेल्यांत असाल, तर पुढच्या गोष्टी लक्षात ठेवा.

१. जखम आठवड्यानंतरही ओली राहते, सुकून पुन्हा ओली होते, सांधा लाल-गरम होतो, किंवा कमी झालेले दुखणे पुन्हा वाढू लागते : त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनला कळवा. फोटो पाठवा, पण फोटोवर थांबू नका.

२. पोटरी सुजून दुखते, अचानक दम लागतो, छातीत दुखते : ही गुठळी असू शकते. वाट बघू नका, थेट मोठ्या दवाखान्यात जा. ऑपरेशनला महिना झाला असला तरी.

३. सर्जनने पाहण्याआधी अँटिबायोटिक घेऊ नका. मेडिकल दुकानातून नको आणि माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरकडूनही नको. आधी रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे आणि गरज असेल तर सांध्यातले पाणी काढून तपासणी. जंतू ओळखला, तर अर्धी लढाई जिंकली. रुग्ण थंडी वाजून, गळून गेला असेल तर मात्र औषध थांबवून ठेवायचे नाही, लगेच दाखल व्हायचे.

४. चांगला चालणारा सांधा काही वर्षांनी दुखू लागला, कुरकुर आवाज येऊ लागला, पाय आखूड वाटू लागला : तपासून घ्या. वयावर ढकलू नका.

५. गुडघा बदललेल्या शंभरांतल्या दहा ते वीस जणांना सगळे रिपोर्ट चांगले असूनही दुखणे राहते. हे नाटक नसते. कधी कारण कंबरेत किंवा खुब्यात असते, कधी नसांत. त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. मात्र कारण सापडल्याशिवाय ‘पुन्हा बदलून बघू’ असे करू नका.

६. दुसरी शस्त्रक्रिया ठरली, तर विचारा : या दवाखान्यात अशा पुन्हा करण्याच्या शस्त्रक्रिया नेहमी होतात का? एकदा होणार की दोन टप्प्यांत? मधल्या काळात चालता येईल का? एकूण खर्च किती? हे विचारल्याने चांगला सर्जन रागावत नाही.

फाईल

आता फाईलबद्दल. कृत्रिम सांध्याच्या प्रत्येक खोक्यात स्टिकर असतात. त्यावर कंपनी, सांध्याचे नाव, माप आणि लॉट नंबर असतो. तो स्टिकर ऑपरेशनच्या नोंदीत चिकटवलेला असतो. त्याची प्रत तुमच्याकडे हवी.

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने कागदपत्रे मागितली तर डॉक्टरांनी ७२ तासांत ती द्यायची असतात. पण त्याच नियमांत नोंदी ठेवण्याचे बंधन तीन वर्षांचे आहे. सांधा वीस वर्षे टिकणार आणि कागद तीन वर्षे! तेव्हा ते कागद जपणे तुमच्या हातात आहे. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, स्टिकर, पहिला एक्स-रे. मोबाईलमध्ये फोटो काढा आणि मुलांकडेही पाठवून ठेवा.

उपकरणात दोष आहे अशी शंका असेल, तर तक्रार नोंदवण्याची सोयही आता आहे. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ पासून सुरू आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याचे काम आहे. तुमच्या डॉक्टरांना तो अर्ज भरायला सांगा. ही कोणाविरुद्धची फिर्याद नसते, नोंद असते. आणि नोंदीने काय होते ते आपण वर पाहिले.

घरच्यांसाठी दोन शब्द

सांधा बिघडलेला माणूस मनाने फार खचतो. आजींना सर्वांत जास्त टोचले ते जखमेचे दुखणे नव्हे. “नको म्हणत होतो तरी हौसेनं केलंस,” हे घरातले एक वाक्य टोचले. असे बोलू नका. दुखणे सहन होईना म्हणून माणूस ऑपरेशन करून घेतो, हौस म्हणून नाही. झोप लागत नसेल, जेवण सुटले असेल, सारखे रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत. आणि व्यायाम सोडू देऊ नका. सर्जनने परवानगी दिलेला व्यायाम रोज, थोडा थोडा.

आजी आता काठी घेऊन चालतात. जोतिबाच्या पायऱ्या चढत नाहीत, पण अंबाबाईला जाऊन येतात. मागच्या वेळी आल्या तेव्हा हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. त्यात सगळे कागद, वर नव्या सांध्याचा स्टिकर. मी त्यांना त्या दिवशी सांगितले की पहिल्या वेळी मी गोळ्या द्यायला नको होत्या, लगेच सर्जनकडे पाठवायला हवे होते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आता दुसऱ्या कुणाला देऊ नगासा म्हंजे झालं.”

तेव्हापासून देत नाही. बदललेल्या सांध्याची जखम ओली दिसली की आधी सर्जनला फोन करतो. त्यांच्याच परवानगीने ही गोष्ट, नाव न घेता, इथे लिहिली आहे.

तुमच्या घरात कोणाचा गुडघा किंवा खुबा बदललेला असेल, तर आज संध्याकाळी ती फाईल शोधा. स्टिकर आहे का बघा. नसेल तर उद्या दवाखान्यात फोन करा.

काळजी घ्या.